वाऱ्याला बोल लावण्याआधी

२६ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. नौदल दिनाच्या निमित्ताने, ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. म्हणजे पुतळ्याला पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. पुढे आंदोलने झाली, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, माफ्या मागितल्या गेल्या. पण तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सुरुवातीला दिलेले कारण मालवणी माणूस अजून विसरलेला नाही. वारा ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने वाहत होता, असे ते म्हणाले होते.

मालवणच्या किनाऱ्यावर ऑगस्टात वारा सुटतो, ही काही बातमी नव्हे. राजकोटसमोर, पाण्यात, कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. १६६४ मध्ये त्याचे काम सुरू झाले, १६६७ मध्ये पुरे झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगतात. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले; कुठे पडझड झाली, पण तट अजून उभा आहे. इकडे पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्थानिक अभियंत्याने नौदलाला पत्र पाठवून नट-बोल्ट गंजत असल्याचे कळवले होते, हेही नंतर उघड झाले.

वारा आपल्या हातात नाही. नट-बोल्ट मात्र आहेत.

ही वाटणी करायला शिकवणारे तत्त्वज्ञान सध्या जगभर भलतेच खपते आहे. ग्रीक आणि रोमन स्टोइकांचे. त्यांच्यातला एपिक्टेटस जन्माने गुलाम, पायाने अधू, आणि पुढे निकोपोलिस गावी शाळा चालवणारा मास्तर. त्याच्या शिष्याने टिपून ठेवलेल्या छोट्या पुस्तिकेची सुरुवातच या वाटणीने होते: काही गोष्टी आपल्या हातातल्या, काही नाहीत. आपला निर्णय, आपली इच्छा, आपला प्रयत्न पहिल्या गटात. शरीर, पैसा, लौकिक, पद दुसऱ्या गटात. याच एपिक्टेटसने समुद्रप्रवासाचा एक दाखला दिला आहे, तो मालवणात कुणालाही लगेच पटेल. निघताना तांडेल कोण, खलाशी कोण, दिवस कोणता, वेळ कोणती, हे माणूस निवडू शकतो. एवढे नीट करून वादळ गाठलेच, तर पुढचे काम तांडेलाचे. प्रवाशाने आपले काम केलेले असते.

या दाखल्यातला उत्तरार्ध सगळे उचलतात. पूर्वार्ध राहून जातो. आधी निवड नीट करायची असते.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला उत्तरार्ध कुणी शिकवायची गरज नाही. १ जून उजाडला की ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, इंजिने उतरवायची, जाळ्यांची दुरुस्ती काढायची. वर्षातले दोन महिने धंदा कायद्यानेच बंद. उरलेल्या दहांतले किती दिवस वारा खाणार आणि किती उधाण, हे कुणीच सांगू शकत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणे घालायचे आणि होडी लोटायची. रापण लागली तर तारली-बांगड्याचे ढीग, नाही तर दोन्ही बाजूंनी तास-तासभर दोर ओढून हाती येते शेवाळ आणि प्लास्टिक. मोठ्या शहरांत ‘अनिश्चिततेला सामोरे कसे जावे’ यावर दोन-दोन दिवसांची महागडी शिबिरे होतात. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर तो विषय रोजचाच आहे, चहाही ज्याचा त्याने प्यायचा.

‘होवचा ता होतला’ हे वाक्य या भागात दिवसातून दहादा कानावर पडते. व्हायचे ते होईल. पण हे वाक्य दोन परींनी म्हणता येते. होडी दोन नांगरांवर बांधून, इंजिन घरी आणून, मग पडवीत बसून म्हटलेले ‘होवचा ता होतला’ वेगळे. नांगराचा दोर कुजलाय हे ठाऊक असून म्हटलेले वेगळे. पहिले एपिक्टेटसने मान डोलावून ऐकले असते. दुसऱ्याला त्याने सरळ आळस म्हटले असते, आणि कोकणातही अशा माणसाला मागून तेच म्हणतात.

शिवाय हातातले आणि हाताबाहेरचे यांच्यातली रेघ एका जागी राहत नाही. हापूसचा साका घ्या. फळ बाहेरून देखणे, वासाला घमघमीत, आणि कापले की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. पूर्वी याला नशीब म्हणत. मग वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाला, त्यात साका होत नाही. फळ तापल्या जमिनीवर ठेवू नये, उन्हाच्या वेळी उतरवू नये, हे बागायतदारांना कळत गेले. गिऱ्हाइकाने ‘रत्ना’ला हापूसच्या पाटावर बसवले नाही, तो भाग निराळा, पण आजोबांच्या काळी जे दैव होते ते नातवाच्या काळी शेतीशास्त्र झाले.

वादळांचेही तसेच. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आले तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या डझनावारी नौकांनी देवगड बंदरात आसरा घेतला. सुरक्षित बंदर आणि वेळेवर मिळालेली खबर, दोन्ही माणसाच्या अखत्यारीतल्या गोष्टी. मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गाला घासून गुजरातकडे गेले. त्याचीही सूचना हवामान विभागाने आधी दिली होती. वादळ थांबवणे कुणाच्याच हातात नव्हते. पण विजेचे खांब आडवे झाले आणि मालवण तालुक्यातली कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली, त्याचा दोष सगळाच वादळावर ढकलता येत नाही. किनाऱ्यावर तारा जमिनीखालून न्यायच्या की खांबांवरून, हे दर्या ठरवत नाही, अंदाजपत्रक ठरवते.

आता त्या खपणाऱ्या तत्त्वज्ञानाकडे. रायन हॉलिडे या अमेरिकी लेखकाचे ‘द ऑब्स्टॅकल इज द वे’ २०१४ मध्ये आले आणि तेव्हापासून स्टोइक मंडळी उद्योजकांच्या टेबलावर जाऊन बसली. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या संगमरवरी मुखवट्याखाली यशाचे मंत्र लिहिलेली चित्रे आता मराठी व्हॉट्सॲप गटांतही सकाळी सकाळी येतात. पहाटे उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, भावनांवर ताबा ठेवा, स्पर्धकाला मागे टाका. पहाटे विहिरीवर थंड पाण्याने आंघोळ हे तत्त्वज्ञान असते, हे कोकणातल्या चार पिढ्यांना ठाऊकच नव्हते.

या बाजारात झेनोची गोष्ट हमखास सांगतात. हा स्टोइक पंथाचा संस्थापक मुळात सायप्रसचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा किमती माल घेऊन निघाला आणि अथेन्सच्या बंदराजवळ त्याचे जहाज फुटले. हाताशी काही उरले नाही तेव्हा तो एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात जाऊन बसला, सॉक्रेटिसविषयी ऐकले आणि तत्त्वज्ञानाकडे वळला. वक्ते याचा अर्थ लावतात: संकटातून संधी. पण झेनोने नवे जहाज घेऊन धंदा दुप्पट केला नाही. त्याने धंदाच सोडला. यशाच्या शिबिरात ही गोष्ट सांगणाऱ्याने एवढे तरी पाहावे.

रोमन स्टोइक सेनेकाचे प्रकरण आणखी अवघड. साधेपणावर त्याच्याइतके सुंदर कुणी लिहिले नसेल, आणि त्याच्या काळी रोममध्ये त्याच्याइतके श्रीमंतही फार थोडे होते. डिओ कॅसियस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की सेनेकाने ब्रिटनमधल्या लोकांना चार कोटी सेस्टर्स कर्ज गळ्यात घातले आणि मग एकाएकी सगळे परत मागितले. तिथल्या बंडाच्या कारणांत डिओने हेही एक मोजले आहे. डिओचा सेनेकावर राग होता, हे मान्य. तरीही मनःशांती आणि सावकारी एकाच घरात सुखाने नांदू शकतात, एवढे तर दिसतेच. म्हणून धंद्यात स्टोइक किती यशस्वी झाला हे विचारण्यात मजा नाही. तो विकतो काय आणि ते विकताना बोलतो काय, हे पाहावे.

हा प्रश्न खुद्द स्टोइकांनी आपसांत भांडून घेतला आहे. रोमन लेखक सिसेरोने तो वाद नोंदवून ठेवला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्य सोन्याच्या भावाने जाते आहे. एक भला व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तिथे पोचतो. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत डोळ्यांनी पाहिले आहे. ते बेटावरच्यांना सांगावे, की गप्प राहून मिळेल तो भाव घ्यावा? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणाला, कायदा सांगतो तेवढे दोष सांगा, खोटे बोलू नका, बाकी माल तुमचा, भाव तुमचा. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणाला, गिऱ्हाइकाला जे कळायला हवे ते आपल्या फायद्यासाठी दडवणे म्हणजेच लपवणे. माणसे एकमेकांसाठी आहेत. गुरू-शिष्य दोघेही पक्के स्टोइक, दोघांची चित्तवृत्ती स्थिर, आणि उत्तरे उलटी. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला.

हा वाद मार्च-एप्रिलमध्ये वाशीच्या बाजारात रोज होतो. फक्त तिथे ग्रीक कुणी बोलत नाही. कर्नाटकातून आलेला आंबा पेटीत भरला, वर ‘देवगड हापूस’ छापले, तर ते सरळ खोटे. डायोजिनीसही त्याला वाचवू शकत नाही. पण पेटीवर काहीच लिहिले नाही आणि गिऱ्हाईक ‘देवगडच ना?’ म्हणाले तेव्हा दुकानदार नुसता हसला, तर? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळांवर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावायला घेतले, जेणेकरून फळ कुणाच्या बागेतले हे विकत घेणाऱ्याला पडताळता यावे. पाऊस मोहोर झाडून नेतो, तुडतुडा फवारण्या पचवतो, उन्हाने कणी गळते, आणि भाव वाशीत ठरतो. एवढे सगळे हाताबाहेर असताना बागायतदारांनी पेटीतला खरेपणा हातात घेतला. दुसरे कुठे नसेल, पण या स्टिकरात अँटिपेटर आहे.

याच वादात सिसेरो दुसरे उदाहरण देतो, ते वाचताना तर तो सावंतवाडीच्या निबंधक कचेरीत बसून लिहीत होता की काय असे वाटते. एक जण घर विकतो आहे. घराच्या खोल्याखोल्यांत साप निघतात, लाकूड सडलेले आहे, आणि हे मालकाखेरीज कुणाला माहीत नाही. सांगावे की नाही? साप कोकणाला नवे नाहीत. इथे लपवतात ते निराळे. सातबारावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, दोघे वारलेले आणि वारस लागलेले नाहीत. वाट शेजाऱ्याच्या कंपाउंडातून. निम्मा तुकडा किनारा नियमन क्षेत्रात. चिपीच्या विमानतळावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये विमाने उडू लागली, आणि ‘समुद्र दिसणारा प्लॉट’ विकणाऱ्यांच्या जाहिराती वाढल्या. समुद्र दिसतो, हे खरेच असते. सातबारा पूर्ण दाखवणारा दलाल भेटला तर त्याला अँटिपेटरचा वंशज समजावे आणि दोन पैसे जास्त द्यावेत.

मराठी परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत लख्ख उत्तर एका दुकानदाराने दिले आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, घरातली माणसे गेली. मग त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिचा पुढचा भाग कमी जणांच्या लक्षात राहतो. परंपरा सांगते की आधी वाटणी झाली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हिश्शाची निम्मी खते त्याच्या हाती दिली आणि नदीत गेली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. वैराग्याच्या भरातही आपले काय आणि दुसऱ्याचे काय हा हिशेब चुकला नाही. एपिक्टेटसच्या यादीत कर्जखते हाताबाहेरच्या गोष्टींत मोडतात. देहूच्या वाण्याने ती सोडली, पण मोजून सोडली.

मराठी वाचकाला स्टोइक तसे परके नाहीत. त्यांची ओळख दुसऱ्या दाराने झाली, इतकेच. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेकडे पाहण्याची त्याची धारणा त्रास देते, हे तिचे मूळ आपण एपिक्टेटसकडून घेतले, हे एलिसने कधी लपवले नाही. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ही पद्धत भारतात रुजवली. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी मराठी घरांत वाचली गेली. परीक्षेत कमी गुण पडले म्हणजे आयुष्य संपले, दुकान बंद पडले म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही, अशा धारणांना या पद्धतीने नेमके कुठे पकडायचे ते दाखवले. व्यक्तिगत आयुष्यात स्टोइकांचा एवढा रोकडा उपयोग दुसरा नसेल. कर्जाच्या हप्त्याने रात्री झोप न लागणाऱ्या होमस्टेवाल्याला हप्ता आणि अब्रू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे उमगले, तरी सकाळी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागायचे बळ येते.

पण हेच औषध चुकीच्या माणसाच्या हाती गेले की विष होते. ज्याने बदलायचे तो न बदलता समोरच्याला ‘तुमची धारणा बदला’ म्हणून सांगतो. पारंपरिक मच्छीमारांना वर्षानुवर्षे हेच सांगितले गेले. मासा मिळत नाही, दर्या आहे, कधी देतो कधी नाही. प्रत्यक्षात दर्याबरोबर पर्ससीनची अवाढव्य जाळी आणि एलईडी दिव्यांचा लखलखाटही होता. मालवणच्या मच्छीमारांनी हे ‘हाताबाहेर’च्या खात्यात टाकले नाही. मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले, समुद्रात संघर्ष केला, तुरुंगही पाहिला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले; १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. अंमलबजावणीचे रडगाणे अजून चालू आहे आणि रात्री क्षितिजावर दिवे अजून दिसतात, ही तक्रारही चालू आहे. तरी जे आदेश निघाले ते सोसण्याने निघाले नाहीत. स्टोइक म्हणजे मुकाट सोसणारा, हा समज रोममध्येही नव्हता. सेनेटमध्ये येऊ नकोस, असे सम्राट व्हेस्पेशियनने बजावल्यावर हेल्व्हिडियस प्रिस्कस या स्टोइक सभासदाने सांगितले की मी सभासद आहे तोवर येणार आणि विचाराल तर बोलणार. एपिक्टेटस आपल्या वर्गात ही गोष्ट कौतुकाने सांगत असे. मला मारणे तुमच्या हातात, न डगमगणे माझ्या, असा हेल्व्हिडियसचा हिशेब होता. सम्राटाने त्याला खरोखर मारले.

धंद्यात आता किनाऱ्यावर मासळीइतकेच पर्यटन मोठे झाले आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्लीत स्कूबाचे प्रशिक्षण मिळते, आणि काल जाळी ओढणारा मुलगा आज पर्यटकांना पाण्याखाली मासे दाखवतो. या धंद्याचा हंगाम आखूड. पावसाळ्यात जलक्रीडा बंद. मे महिन्याचे शेवटचे आठवडे म्हणजे वर्षाच्या कमाईची शेवटची भरती. २४ मे २०२२ रोजी, असेच हंगामाचे शेवटचे दिवस चालू असताना, तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या एका अपघाताचा निवाडा इथे करायचा नाही. पण अशा प्रत्येक घटनेनंतर वारा, लाट आणि नशीब यांची नावे पहिल्या तासात येतात. बोटीत किती माणसे होती, किती जॅकेटे होती, परवाना कशाचा होता, हे प्रश्न नंतर, चौकशीत.

दोष सगळा बोटवाल्याचाही नाही. ‘आमचा आजचाच दिवस आहे, संध्याकाळची गाडी आहे’ म्हणून त्याच्यामागे लकडा लावणारे पर्यटक असतात. वाऱ्याच्या दिवशी चार फेऱ्या सोडून देणाऱ्या बोटवाल्याचे नुकसान त्याला एकट्याला सोसावे लागते आणि ती फेरी शेजारचा मारतो. अशा दिवशी सगळ्यांनीच बंद ठेवायचे, असे बंदरावरच्या संघटनांनी आपसांत ठरवले आणि पाळले, तर प्रामाणिक माणसाचा तोटा थांबेल. रापणीत वाटे ठरवणाऱ्या गावांना हे अशक्य नाही.

या दिवाळीत मालवणला जाणार असाल, तर बोटीत पाय ठेवण्याआधी जॅकेट मागून घ्या, पट्टे नीट बांधा, माणसे मोजा. आणि तांडेल ‘आज जमाचा नाय, वारो आसा’ म्हणाला, तर पैसे परत घेऊन बंदरावर सोलकढी प्या. पलीकडच्या बोटवाल्याकडे जाऊ नका.